कापलेला कोपरा

मी जबलपूरच्या विमा कचेरीत दावे तपासतो. सत्तावीस वर्षं हेच काम आहे. सिहोऱ्याकडच्या एखाद्या गावात मेलेली म्हैस, कमानिया गेटजवळच्या दुकानाचं जळून वाकलेलं शटर, नाल्यात उलटलेला ट्रॅक्टर, हे सगळं माझ्या टेबलावर फोटोच्या रूपात येतं. लोकांना वाटतं, मी म्हैस बघतो. मी आधी तारीख बघतो. म्हैस मेली आहे हे फोटोत दिसतंच, पण ती कधी मेली हे फोटो पाठवणारा सांगत असतो, आणि माझा पगार त्या 'कधी'साठी आहे.

अशा माणसाला फोटो काढायची हौस लागावी, हे माझ्या बायकोला आजही पटत नाही. पण लागली. रविवारी स्कूटर काढायची, जबलपूरच्या आसपास तीस-चाळीस किलोमीटर जायचं, दहा-बारा फोटो काढायचे आणि परत यायचं. प्रत्येक फोटोची नोंद मी वहीत करतो. तारीख, तिथी, वेळ, जागा, कॅमेऱ्याचे आकडे आणि शेवटी शेरा. सध्या चौथी वही चालू आहे. बायको म्हणते, "किराण्याची यादी एवढी लिहून राहिले असते, तर घरात दोनदा हळद आली नसती."

त्यातले बरे फोटो मी इंटरनेटवरच्या एका फोटोच्या साइटवर टाकतो. तिथे टाकले की कोणी ना कोणी ते मागतं, आणि फुकटच मागतं. आजवर मला अशा नऊ मागण्या आल्या. एका दातांच्या डॉक्टरांना नर्मदेचा घाट त्यांच्या खोलीत लावायचा होता, पेशंटचं मन शांत राहावं म्हणून. एका कोचिंग क्लासला कॅलेंडर छापायचं होतं. मी कधी दिला, कधी नाही दिला. आमच्या रविवारच्या गटात एक चित्रकलेचे मास्तर आहेत. ते मागेल त्याला देतात. एका हॉटेलला त्यांनी आठ फोटो दिले, खाली नाव छापायच्या बोलीवर. हॉटेलने ते वॉश-बेसिनच्या भिंतीवर लावले.

"नाव तर लागलं ना, बड्डे," मास्तर म्हणाले. बड्डे म्हणजे आमच्याकडचं 'दोस्ता'.

"तिथे कोण वाचतं?"

"हात धुताना माणूस कुठे बघणार? समोरच बघतो ना."

दहावी मागणी आली ती बरगीच्या फोटोसाठी. ती सांगायच्या आधी ती जागा सांगायला हवी.

बरगी धरणाच्या फुगवट्याच्या काठी एक लहान गाव आहे. तिथे एक म्हातारे गृहस्थ राहतात. सगळं गाव त्यांना कक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या वडिलांची शेती धरणात गेली. पावसाळ्यात फुगवट्याचं पाणी गावाच्या पायाशी येतं आणि दिवाळीच्या सुमाराला उतरायला लागतं. पाणी उतरलं की खालची काळी माती उघडी पडते आणि ज्यांची शेतं बुडाली तेच लोक त्या मातीत पेरतात. कागदावर ती जमीन धरणाची, पण हिवाळ्यापुरती त्यांची. कक्कांची पट्टी सगळ्यात वरची, म्हणून सगळ्यात आधी कोरडी होते. मी ती एकदा पावलांनी मोजली होती. एकशेदहा पावलं लांब, पन्नास रुंद, म्हणजे पाऊण एकराहून किंचित जास्त. कक्का तिथे मटार लावतात. जानेवारीत ती पट्टी इतकी हिरवी असते की फोटोत खोटी वाटते. त्या मटारावर कक्का आणि काकी यांचं वर्ष निघतं. दुसरी जमीन त्यांना नाही.

पट्टीच्या मधोमध मोहाचं एक वठलेलं झाड उभं आहे, एका अंगाला कललेलं. माझा फोटो त्या मोहाचा होता. भरलेलं पाणी, त्यात कमरेपर्यंत बुडालेलं ते खोड आणि मागे तांबूस आकाश. बस. माझ्या सगळ्या फोटोंत लोकांना आवडलेला हा एकच म्हणता येईल.

ऑगस्टमध्ये मला निरोप आला. सर, आपला फोटो अतिशय सुंदर आहे, बरगीजवळच्या आमच्या नव्या पर्यटन प्रकल्पासाठी तो वापरायची इच्छा आहे, मानधनाची तरतूद नाही, मात्र आपल्या नावाचं संपूर्ण श्रेय देऊ. इथपर्यंत नेहमीचंच होतं. खरं सांगतो, पहिल्या वाचनात मला आनंद झाला. मी तो निरोप दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर अडलो. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल, काहीही बदल न करता, पाठवावी.

आधीच्या नऊ जणांपैकी एकानेही मूळ फाइल मागितली नव्हती. मूळ फाइल दिसायला फिकी असते. तिच्यात जास्तीचं असतं ते एवढंच की फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला, याची कॅमेऱ्याने केलेली नोंद शाबूत असते. हे मला माहीत आहे, कारण कचेरीत आम्हीच ती मागतो. भिंतीवर लावायला फोटो हवा असणारा माणूस ती मागत नाही. पुरावा हवा असणारा मागतो.

निरोपात नंबर होता. मी फोन केला. एक बाई बोलल्या, आवाज फार गोड.

"जी सर, ओरिजिनल ही चाहिए।"

"छापणार किती मोठा?"

"छापना नहीं है सर, मोबाइल वग़ैरह पर दिखाना है।"

"मग साइटवरचा चालेल की. तोच चांगला दिसतो." हे मी हिंदीतच म्हणालो.

"नहीं सर, ऊपर से बोला है, ओरिजिनल ही।"

"वरून म्हणजे कुणी?"

"मैं पूछ के बताती हूँ सर।"

विचारून काही त्यांनी सांगितलं नाही. मग मी एक चाचणी घेतली. मी लिहिलं, फुकट देत नाही, पाच हजार रुपये पडतील. माझ्या एखाद्या फोटोला कोणी पाचशे दिले तरी मी पेढे वाटेन. दोन मिनिटांत उत्तर आलं, "ओके सर, बँक डिटेल्स भेजिए।"

आमच्या कामात एक अनुभव आहे. दाव्याची रक्कम आम्ही निम्मी केली आणि समोरचा जराही न कुरकुरता हो म्हणाला, की आम्ही ती फाइल पुन्हा उघडतो. पैशाची तरतूद नाही म्हणणारा दोन मिनिटांत पाच हजारांना तयार होतो, तेव्हा त्याला मिळणारी वस्तू पाच हजारांहून पुष्कळ मोठी असते.

घरी जेवताना मी हे सांगितलं.

"घ्या ना मग," बायको म्हणाली. "काहून नाही म्हणून राहिले? तुम्हाला तर दुधवाल्यावरही संशय येते."

"दुधवाल्याचं माप खरंच कमी भरलं होतं."

"एकदा! आणि तेव्हापासून तो बिचारा आपल्या दारात आला की घाबरते."

मुलगी कॉलेजात आहे. मराठी सगळं समजतं, बोलताना गाडी हिंदीत जाते. ती म्हणाली, "बाबा, पाँच हज़ार मिल रहे हैं, आप इन्क्वायरी बिठा रहे हो. एका फोटोत असं काय असेल?"

"तेच मला कळून नाही राहिलं," मी म्हणालो.

मी फाइल पाठवली नाही. पुढच्या रविवारी बरगीला गेलो. इतर वेळी माझी स्कूटर दिसली की कक्का ओट्यावरून हाक मारायचे आणि आत काकी चहाचं भांडं चढवायच्या. त्या दिवशी कक्का ओट्यावरच होते, पण उठले नाहीत.

"आ गए फोटो वाले भैया," एवढंच म्हणाले. कोणाशी बोलतात तेही कळेना, माझ्याशिवाय तिथे दुसरं कोणी नव्हतं.

मी बसलो. चहाचा विषय निघाला नाही. समोर पाणी गावाच्या पायरीला लागलेलं होतं आणि वठलेला मोह त्यात उभा होता, माझ्या फोटोत होता तसाच. मग कक्का सांगायला लागले. एक कंपनी आली आहे. काठावर तंबूंचं रिसॉर्ट करायचं आहे, बोटी ठेवायच्या आहेत आणि त्यासाठी वरची पट्टी हवी आहे. गावाने लिहून द्यायचं की या पट्टीत हिवाळ्यातही पाणीच असतं, इथे कोणी पेरत नाही, सबब आमची हरकत नाही. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे.

"पण तुम्ही तर पेरता," मी म्हणालो.

"हम तो बोउत हैं. मनो वे मोबाइल में फोटो दिखाउत हैं. जनवरी की फोटो. पानी भरो है, एक पत्ता हरो नहीं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जे ठूँठ तो हमाओ है, भैया. हमने चीन्ह लओ."

आपल्या मोहाचं खोड त्यांनी ओळखलं होतं.

"फोटो तुमने दई?"

"मी दिला नाही, कक्का. त्यांनी साइटवरून उचलला."

"और नीचे जनवरी? जनवरी कौन ने लिखी?"

"ती कॅमेऱ्याने लिहिली."

"कैमरा कौन को है?"

आतून काकी म्हणाल्या, "जान देओ, पढ़े-लिखे आदमी हैं." त्या रागाने बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी तिसरी वही काढली. नोंद सापडली. सर्वपित्री अमावस्या. सकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर वडिलांचं तर्पण करून दुपारी मी बरगीला गेलो होतो. वेळ ५.४०. पाणी मोहाच्या फांदीला लागलेलं. आणि शेरा, माझ्याच अक्षरात: 'बॅटरी बदलली, कॅमेऱ्याची तारीख गेली. साल टाकलं. दिवस-महिना घरी जाऊन.'

आमच्या जुन्या कॅमेऱ्याची ही खोड आहे. बॅटरी काढली की त्याची तारीख पुसली जाते आणि तो एक जानेवारीपासून सुरू करतो. त्या संध्याकाळी उजेड दहा मिनिटांचा उरला होता. मी घाईत साल तेवढं बरोबर केलं आणि फोटो काढला. घरी गेल्यावर पुढचे फोटो चुकू नयेत म्हणून घड्याळ नीट लावलं, पण या एका फोटोत एक जानेवारी राहिली. साइट ती तारीख आपोआप उचलते आणि फोटोखाली छापते. मला ती दिसत होती. अकरा महिने दिसत होती. मी ती बदलली नाही, कारण वहीत बरोबर होतं आणि वहीत बरोबर असलं की माझ्यापुरतं काम संपतं. लोक फोटो बघतात, वही बघत नाहीत, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

आणखी एक गोष्ट त्या रात्री आठवली. सिहोऱ्याकडचा एक माणूस होता. त्याच्या म्हशीच्या फोटोवरची तारीख विमा उतरवण्याच्या आधीची पडत होती. तो समोर उभा राहून म्हणाला होता, "साहब, फ़ोन की तारीख़ बिगड़ी थी." मी शेरा मारला होता, 'खुलासा विश्वासार्ह वाटत नाही.' तो शेरा अजून फाइलीत असेल.

सकाळी मी वही बायकोसमोर ठेवली. "ही ग्रामसभेत दाखवतो. इथे तिथीसकट लिहिलं आहे."

तिने नोंद वाचली. मग चष्मा काढून म्हणाली, "तिथे कचेरीत कोणी अशी आपल्या हातानं लिहिलेली वही आणली असती, तर तुम्ही मानली असती काय?"

"नाही."

"मग?"

मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "बड्डे, तू मधे पडूच नको. फोटो काढून टाक साइटवरून, विषय संपला." पण विषय संपत नव्हता. फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये गेला होता. आता मी साइटवरून काढला असता, तर घाबरून काढला असंच कोणीही म्हटलं असतं. मीच म्हटलं असतं. साइटवरची तारीख मी त्याच दिवशी दुरुस्त केली आणि खाली चूक माझी आहे असं लिहिलं, पण तेही सोयीचंच दिसत होतं. आणि कक्कांचं शेत तर पाण्याखाली. आठ हात पाण्याखालचे मटार कोणाला दाखवणार?

शेवटी मी दाव्याच्या कागदांना जोडतो तसं करायचं ठरवलं. जे आहे ते सगळं जोडायचं, कमी-जास्त काही करायचं नाही. मूळ फाइल, जी मी कंपनीला पाच हजारांना दिली नव्हती, ती घेऊन कमानिया गेटजवळच्या फोटोच्या दुकानात गेलो.

"इसमें तो लेफ़्ट में कचरा आ रहा है, भैया," दुकानदार पडद्याकडे बघत म्हणाला. "काट दूँ?"

"काहीही कापू नका. आहे तसं छापा."

साइटवर टाकताना मी तो फोटो डावीकडून कापला होता. बारा टक्के. त्या बाजूला काठावरच्या गवताचे पांढरे तुरे आले होते आणि नजर मोहावरून तिकडे जात होती. चित्र बिघडत होतं, म्हणून कापलं. वहीत तेही लिहिलं आहे, 'डावीकडून १२ टक्के'. कशाचे बारा टक्के, ते लिहिलेलं नाही.

ग्रामसभेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि तासभर आधीच कक्कांच्या ओट्यावर पोचलो. वही, तिची झेरॉक्स, माझं सहीचं निवेदन आणि हातभर लांबीचा तो फोटो. मी सगळं क्रमाने मांडलं आणि समजावून सांगायला लागलो, बॅटरी कशी काढली, तारीख कशी गेली. कक्का ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांनी वहीकडे ढुंकून पाहिलं नाही. फोटो उचलला, उजेडाकडे धरला आणि डाव्या कोपऱ्यावर अंगठा टेकवला.

"जो का है?"

"ते गवत आहे. मी ते कापलं होतं, कारण..."

"अरी ओ!" त्यांनी आत हाक मारली. "बाहर तो आ. देख, भैया की जनवरी देख!"

काकी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी फोटो हातातही घेतला नाही. लांबूनच पाहिला आणि हसायला लागल्या.

"काँस फूलो है," त्या म्हणाल्या. "काए भैया, तुमाए जबलपुर में जनवरी में काँस फूलत है का?"

काँस म्हणजे नदीकाठचं उंच गवत. पाऊस सरत आला की त्याला पांढरे तुरे येतात. पितरांच्या पंधरवड्यात सगळा काठ पांढरा होतो आणि दिवाळीनंतर तुरे झडून काड्या उरतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी दर वर्षी बघतो. पण माझ्या फोटोत ते तुरे होते आणि मी त्यांना कचरा समजून कापले. तारीख फोटोतच उभी होती, कॅमेऱ्याच्या घड्याळाहून खरी, आणि तारखेचा पगार खाणाऱ्या माणसाने तेवढीच कापून टाकली होती.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. कंपनीचे एक साहेब आले होते, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. त्यांनी मोबाइल सगळ्यांत फिरवला. "देखिए, ये जनवरी का है, आप ही के यहाँ का है. फ़ोटोग्राफ़र जबलपुर के ही हैं."

"वो मैं ही हूँ," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तेव्हाच मला वाटलं की त्यांना तारखेची शंका आधीपासून होती, म्हणूनच मूळ फाइल हवी होती. फाइलमध्येही जानेवारीच आहे का, ते त्यांना बघायचं असणार. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण मला असं वाटलं आणि आजही वाटतं.

मी निवेदन वाचायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील. मागून कोणी म्हणालं, "अपनी बही में तो सबई सच्चे होत हैं." लोक हसले. माझी बायको तिथे नव्हती, पण तिचंच म्हणणं ते. मी निवेदनाची घडी घातली. मग कक्का उठले आणि तो मोठा फोटो त्यांनी बायकांच्या बाजूला दिला, पुरुषांच्या नाही. तो हातोहात फिरला. प्रत्येकीने डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. एक म्हातारी साहेबांना म्हणाली, "बेटा, जा फोटो तो पितरन की है. हमाए मटर तो तब बोए नईं गए ते."

साहेब मोबाइल खिशात ठेवत म्हणाले, "ठीक है, कोई बात नहीं. दूसरी फ़ोटो मँगवा लेंगे."

त्या दिवशी कागदावर कोणी सही केली नाही. मी त्याला जिंकणं म्हणत नाही. आमच्या भाषेत दावा प्रलंबित राहिला. 'दूसरी फ़ोटो' हे शब्द मात्र माझ्या डोक्यातून गेले नाहीत. बरगीचे फोटो काढणारे जबलपुरात आम्ही एकटे नाही. आमच्या गटात मी सगळ्यांना सांगितलं की बरगीचा फोटो कोणी मागितला, तर आधी विचारा, कशासाठी. मास्तर म्हणाले, "तुझ्यामुळे आता माणूस फोटोची तारीफ ऐकूनही घाबरेल." त्याच महिन्यात त्यांना एक निरोप आला होता, हे त्यांनी मला आणखी आठ दिवसांनी सांगितलं. त्यांनी काही पाठवलं नाही म्हणाले. मी विश्वास ठेवला. पण त्यांच्या साइटवर जाऊन बरगीचे सगळे फोटो उघडून पाहिले, हेही लिहायला हवं.

कंपनीच्या बाईंचा एक शेवटचा निरोप आला, सर, फाइल भेज रहे हैं क्या? मी लिहिलं, ती ग्रामसभेत दिली आहे, तिथे बघायला मिळेल. कचेरीत सिहोऱ्याच्या त्या म्हशीची फाइल मी मागवून घेतली. जुन्या फायलींच्या खोलीतून ती यायला दोन महिने लागले. फोटोत म्हशीच्या मागे शेत दिसत होतं. ते शेत कोणत्या महिन्यातलं, हे मला सांगता येईना. ज्याला सांगता येईल अशा माणसाला विचारावं, असा शेरा मी खाली मारला आणि फाइल वर पाठवली. कचेरीतल्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना.

दिवाळीनंतर पाणी उतरलं. कक्कांनी पेरलं. जानेवारीत मी गेलो तेव्हा मटार गुडघ्याला लागत होते आणि मोहाचं खोड त्या हिरव्यात उभं होतं. काकींनी चहा दिला, पण कक्का माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत होते.

"पहलें तारीख दिखाओ," ते म्हणाले.

मी पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांना अंक येतात. त्यांनी आकडे वाचले, मग आत हाक मारून काकींना आजची तारीख विचारली. काकींनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगितली. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. शेजारच्या ओट्यावरच्या माणसालाही विचारलं. तिन्ही जुळल्या तेव्हा मान हलवली आणि पट्टीत जाऊन मोहाला पाठ लावून उभे राहिले. मला याचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर चौथ्यालाही विचारलं असतं.

मी चौकट जुळवली. डावीकडे औषध फवारायचा निळा पंप पडला होता आणि उजवीकडे माझ्या स्कूटरचं मागचं चाक येत होतं. मी दोन पावलं पुढे सरकलो असतो, तर दोन्ही सुटले असते.

"कोनो ना काटियो," कोपरा कापू नका म्हणून कक्का तिथूनच ओरडले.

मी सरकलो नाही. तो फोटो साइटवर आहे, पंप आणि चाकासकट. अजून तरी तो कोणी मागितलेला नाही.